सराफ्यातला कडुनिंब आणि शिवपुरीची बाग

दिवस पहिला: मनमाड ते लष्कर

आमच्या येवल्याला मिरवायला दोन गोष्टी आहेत, पैठणी आणि तात्या टोपे. पैठणीबद्दल विचारलंत तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला नारळी काठ आणि मुनिया काठ यातला फरक सांगेल. तात्यांबद्दल विचारलंत तर मात्र "आमच्याच गावचे" एवढं सांगून मंडळी गप्प होतात. मीही त्यातलीच. 1814च्या सुमारास येवल्यात जन्म, नाव रामचंद्र पांडुरंग, वडील दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी, पेशवाई बुडाल्यावर कुटुंब ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, गेलं, पुढे सत्तावन्न आणि मग फाशी. शाळेच्या पुस्तकात एवढंच होतं. फाशी कुठे दिली हे पुस्तकात नक्की असणार, पण माझ्या डोक्यात ते कधी शिरलं नव्हतं.

ग्वाल्हेरला निघाले ती तात्यांसाठी नव्हेच. आत्याचं लग्न होऊन ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गेली त्याला यंदा 50 वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मी एकदाही तिच्याकडे राहायला गेले नव्हते. फोनवर तिनं सुनावलं, "आता मी मेल्यावर येशील का?" मग तिकीट काढलं.

मनमाडला रात्री गाडीत बसले. सकाळी भोपाळ मागे पडलं होतं. झाशी स्टेशनाच्या पाटीवर आता 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' असं लांबलचक नाव आहे. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी पाटी दिसताच हात जोडले आणि लगेच समोशावाल्याला हाक मारली. पुढे तासाभरात ग्वाल्हेर.

आतेभाऊ, म्हणजे दादा, न्यायला आला होता. घरात शिरताच आत्या म्हणाली, "पहिले हातपाय धू, मग चहा पी, मग बोल." हे 'पहिले' इथलं. इथल्या मराठीत हिंदी अशी मुरली आहे की त्यांना ती जाणवतही नाही. घर जुनं आहे, मधे चौक, चौकात तुळस, भिंतीवर जयाजीराव, माधवराव आणि जिवाजीराव शिंद्यांच्या तसबिरी ओळीनं. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, 84 वर्षांचे आहेत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांची चाकरी. 'महाराज' म्हणताना ते आजही आवाज थोडा खाली आणतात.

रात्री जेवताना मी सहज विचारलं, "अप्पा, तात्या टोप्यांना फाशी इकडेच कुठेतरी दिली ना?"

"शिवपुरीला," अप्पा म्हणाले, आणि आत्याला आमटी वाढायला सांगितली.

दिवस दुसरा: सराफा आणि फुलबाग

आत्याच्या कुड्यांचं मळसूत्र ढिलं झालं होतं. ते घट्ट करून आणायच्या निमित्तानं दादा आणि मी सकाळी सराफ्यात गेलो. अप्पांनाही चला म्हटलं, पण त्यांचे गुडघे ऐन वेळी दुखू लागले.

महाराजबाड्यापासून, म्हणजे लष्करच्या मुख्य चौकापासून, सराफा बाजार चालत जाण्याइतका जवळ आहे. लष्कर ही मुळात छावणीच. दौलतराव शिंद्यांनी 1810च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, तो तळ उठलाच नाही, त्याचं शहर झालं आणि नावही लष्करच राहिलं. दौलतगंज, जनकगंज, माधवगंज, शिंदे की छावणी. पत्ता विचारत हिंडलं तरी शिंद्यांची वंशावळ पाठ होते.

सराफ्यात सकाळी दहाला दुकानं उघडत होती. गल्लेवाले उदबत्ती फिरवत होते, एक पोऱ्या दुकानासमोरची धूळ पत्र्याच्या सुपात जपून गोळा करत होता. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ फेकत नाहीत, तिच्यात कण असतात. आणि या सगळ्याच्या मधे दादा थांबून म्हणाला, "हे बघ."

कडुनिंब. त्याच्यापाशी एक पुतळा, गळ्यात वाळलेला झेंडूचा हार. वर विजेच्या तारांचं जंजाळ, खाली स्कूटर लावलेल्या. अमरचंद बाँठिया. मी हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, हे इथं कबूल करते.

बाँठिया मूळचे बिकानेरकडचे जैन व्यापारी, आणि शिंद्यांचे खजिनदार. या खजिन्याला 'गंगाजळी' म्हणत. आपल्याकडे वर्तमानपत्रात रोज 'परकीय चलनाची गंगाजळी' वाचतो तोच शब्द. इथं मात्र ते लोखंडी दारं आणि किल्ल्या असलेलं खरंखुरं काहीतरी होतं. 1 जून 1858 रोजी राणी लक्ष्मीबाई, तात्या आणि नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब पेशवे यांची फौज ग्वाल्हेरशेजारच्या मुरारजवळ आली. शिंद्यांची बहुतेक फौज लढाई सोडून तिकडे मिळाली. विशीतले जयाजीराव धौलपूरमार्गे आग्र्याला इंग्रजांकडे गेले, दिवाण दिनकरराव राजवाडेही गेले. शहर बंडवाल्यांच्या हाती आलं, पण सैन्य पोटावर चालतं, आणि कित्येकांचे पगार थकले होते. तेव्हा बाँठियांनी खजिना उघडून दिला. त्यातून पगार वाटले गेले, शिंद्यांच्या स्वतःच्या शिपायांनाही थकबाकी आणि वर बक्षिसी मिळाली.

तीन आठवडे टिकलं सगळं. 19 जूनला इंग्रज सेनापती सर ह्यू रोझनं शहर घेतलं, 20 ला किल्ला पडला, आणि 22 जूनला बाँठियांना याच सराफ्यात झाडाला लटकवलं. प्रेत तीन दिवस काढू दिलं नाही असं इथं सांगतात.

कुडी दुरुस्त करणारे सोनारकाका चिमटा न थांबवता म्हणाले, "मैदान में भी टाँग सकते थे न? यहाँ क्यों टाँगा? क्योंकि यहाँ पैसेवाले बैठते हैं."

मला वाटतं, फाशीचं इतकं नेमकं विश्लेषण मी कुठल्या जाडजूड ग्रंथातही वाचलं नसतं. शिपायाला फाशी द्यायची तर परेडच्या मैदानावर, आणि खजिनदाराला द्यायची तर बाजारात, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर. सोनारकाकांनी कुडी काट्यावर ठेवली, चष्म्यातून आकडा पाहिला आणि मळसूत्रासाठी घातलेल्या गुंजभर सोन्याचे पैसे सांगितले. मागे झाडाखाली कोणीतरी स्कूटर काढताना हार खाली पडला. एका पोऱ्यानं तो उचलून परत पुतळ्याच्या गळ्यात घातला आणि हात पँटला पुसले.

मला ही जागा आवडली. कुंपण नाही, तिकीट नाही, 'शांतता राखा' नाही. बाजार चालू आहे आणि त्याच्या मधोमध ते झाड आहे.

दुपारी फुलबाग. इथं राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, आणि घोड्यावरचा मोठा पुतळा. पुतळ्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. समाधी मात्र साधी आहे, एक ओटा. इंग्रजी कागदांत राणीच्या मृत्यूची तारीख 17 जून येते. ग्वाल्हेर बलिदान दिवस 18 जूनला पाळतं, तिथीनं ज्येष्ठ शुद्ध सप्तमी. कोटा की सरायपाशी 8व्या हुसार्सच्या घोडेस्वारांशी लढताना त्या पडल्या. जवळच गंगादासांची मोठी शाळा आहे, शाळा म्हणजे बैराग्यांचा मठ. राणीचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून इथले साधू लढले आणि 745 जण कामी आले, असं मठाची परंपरा सांगते.

याच फुलबागेत 3 जूनला दरबार भरवून नानासाहेबांच्या नावानं पेशवाईची द्वाही फिरवली होती. पुढचे दिवस मानपान आणि ब्राह्मणभोजनात गेले आणि राणी त्यावर चिडल्या, असं म्हणतात. चिडल्या असतील तर बरोबरच. रोझ चालून येत होता आणि इकडे पंगती! आपल्या लोकांचा हा स्वभाव मला घरच्या लग्नांवरून चांगला परिचित आहे.

समाधीपाशी बसल्यावर दादानं एक गोष्ट सांगितली. चौथीत की पाचवीत हिंदीच्या तासाला राणीवरची ती प्रसिद्ध कविता होती. तीत शिंदे इंग्रजांचे मित्र होते आणि राजधानी सोडून गेले अशा अर्थाची एक ओळ आहे. बाईंनी ती ओळ वाचली आणि अख्खा वर्ग मागे वळून त्याच्याकडे बघायला लागला, कारण वर्गात मराठी तो एकटाच. "मी काय केलं होतं?" दादा अजून हसून सांगतो. "घरी येऊन अप्पांना विचारलं तर म्हणाले, कविता पाठ कर, मार्क मिळतील."

दिवस तिसरा: किल्ला, धावता

किल्ल्यावर लिहिणारे खूप आहेत, मी फक्त दोन जागा सांगते.

चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, एका खडकात कोरलेलं, एवढंसं. आतल्या 876 सालच्या शिलालेखात शून्य आहे, 270 या आकड्यातलं. काय होतं ते 270? एका फुलबागेची लांबी! 270 हात लांब, 187 हात रुंद बाग देवाला दिली आणि देवाला रोज 50 हार मिळावेत अशी व्यवस्था केली. जगभरचे गणितज्ञ ज्या शून्यापुढे वाकतात ते झेंडूच्या, म्हणजे तेव्हा जी काय फुलं असतील त्यांच्या, हिशेबातून आलं आहे. (झेंडू नंतर आला, हे दादानं लगेच सुधारलं. तो वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आहे, त्याच्याबरोबर फिरणं सोपं नाही.)

दुसरी जागा मानमंदिराची तळघरं. मानसिंह तोमरानं महाल बांधला तेव्हा ती उन्हाळ्यात गारव्याला बसायची होती. मोगलांनी त्याच किल्ल्याचा शाही तुरुंग केला. औरंगजेबाचा भाऊ मुराद याच किल्ल्यात कैदेत होता आणि 1661 च्या डिसेंबरात त्याचं डोकं उडवलं. कारण दाखवलं एका जुन्या खुनाचं, दिवाण अली नकीच्या. दुसरा भाऊ दारा शुकोह, त्याचा मुलगा सुलेमान शुकोह याला रोज सकाळी खसखशीच्या बोंडांचं पाणी पाजून हळूहळू संपवलं. शिखांचे गुरू हरगोविंदही इथंच कैदेत होते, पण ते सुटले, आणि त्यांच्या अंगरख्याच्या टोकांना धरून 52 राजे सुटले अशी कथा आहे. त्यांचा गुरुद्वारा दाता बंदी छोड वर आहे, तिथं लंगरात जेवलो. गरम फुलके, डाळ, खीर. तळघरातून आल्यावर फार बरं वाटलं.

खाली उतरताना पाय भरून आले. घरी आल्यावर नया बाजारातले बहादुराचे लाडू खाऊन झोपले.

दिवस चौथा: शिवपुरी

शिवपुरी ग्वाल्हेरहून साधारण 115 किलोमीटर. गंमत म्हणजे रस्ता कोणता, तर आपला आग्रा रोड! नाशिकला आम्ही ज्याला आग्रा रोड म्हणतो, चांदवड-मालेगाववरून जो जातो, जुना राष्ट्रीय महामार्ग 3, तोच शिवपुरीतून ग्वाल्हेरला आणि पुढे आग्र्याला जातो. येवल्याच्या माणसाला फाशी दिली ते गाव, येवल्यापासून पाऊणएक तासावरून जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हे मला बसच्या खिडकीतून मैलाचा दगड बघताना कळलं, चाळिशी उलटल्यावर.

घाटीगाव गेलं आणि मोहन्याच्या अलीकडे बस पंक्चर झाली. पाऊण तास. कंडक्टर म्हणाला, "दस मिनट." पळस नुकताच कुठे कुठे पेटायला लागला होता, बाकी बाभूळ आणि धावड्याचं खुरटं रान, लालसर माती. या रानांनी तात्यांना वर्षभर लपवलं असणार, असं दादा म्हणाला.

वर्षभर नाही, पण नऊ-दहा महिने. ग्वाल्हेर हातचं गेल्यावर तात्या जवळपास रिकाम्या हातानं निघाले आणि इंग्रजांच्या अर्धा डझन फौजा त्यांच्या मागे. राजपुताना, माळवा, परत चंबळ. ऑक्टोबर 1858 च्या अखेरीस चक्क नर्मदा ओलांडून ते दक्षिणेकडे आले. पेशव्यांचा माणूस दख्खनेत येतोय म्हटल्यावर मद्रास-मुंबईपर्यंत घबराट उडाली. मग ते पश्चिमेला वळून बडोद्याच्या रोखानं गेले, 1 डिसेंबरला छोट्या उदेपूरपाशी मार खाल्ला, आणि पुन्हा वर बांसवाड्याकडे. नकाशावर ही रेघ काढून बघा, लहान मुलानं खडू ओढल्यासारखी दिसते. पुढे माणसं गळाली, घोडे गळाले. 1859 च्या वसंतात ते पाडोणच्या जंगलात नरवरच्या मानसिंहाच्या आसऱ्याला होते.

या मानसिंहाचं भांडण शिंद्यांशी, जहागिरीवरून. इंग्रजांशी त्याचं वैर नव्हतंच. इंग्रजांच्या मेजर मीडनं त्याला वळवला. जीव आणि मान सांभाळतो, शिंद्यांपासून राखतो, असं सांगितलं. 7 एप्रिलच्या रात्री मानसिंह मुंबई इलाख्यातल्या एका पलटणीचे देशी शिपाई घेऊन आला. ज्याला पकडायचं तो कोण, हे त्या शिपायांना सांगितलेलं नव्हतं. तात्या झोपले होते. मुंबई इलाख्याचे शिपाई, म्हणजे त्यात कोकणातले, देशावरचे असणारच. झोपेतून उठल्यावर तात्यांच्या कानावर पहिली भाषा कोणती पडली असेल, हा विचार मला मोहन्याच्या त्या पंक्चरच्या पाऊण तासात छळत राहिला.

शिवपुरीत उतरून रिक्षावाल्याला सांगितलं, "तात्या टोपे." त्यानं ताबडतोब एका भलत्याच बागेपाशी नेऊन सोडलं, घसरगुंडी आणि झोपाळे असलेल्या. "घूमने आए हो न?" दादा म्हणाला, "फाँसी वाली जगह." रिक्षावाला म्हणाला, "तो ऐसा बोलो."

तर ती जागा. गाव तेव्हा सिप्री होतं, शिंद्यांच्या मुलखातली इंग्रजांची छावणी. आज झाडं आहेत, हिरवळ आहे, चालायला वाट, तात्यांचा पुतळा. दर वर्षी 18 एप्रिलला इथं कार्यक्रम होतो, श्रद्धांजली, भाषणं, मेळा. आम्ही गेलो त्या दिवशी काहीच नव्हतं, फक्त एक माळी. हिरव्या नळीनं वाफ्यांना पाणी देत होता. नळीला एका ठिकाणी भोक होतं, तिथून बारीक कारंजं उडत होतं आणि तो दर थोड्या वेळानं त्या भोकावर पायाचा अंगठा दाबत होता. दोन मुली बाकावर अभ्यासाच्या वह्या घेऊन बसलेल्या. एक आजोबा उलटे चालत होते. गुडघ्यांसाठी चांगलं असतं म्हणे. अप्पांना सांगायला हवं, असं मनात आलं.

बाकावर बसून दादाला मी जेवढं वाचून आले होते तेवढं सांगितलं. कारण चौथ्या दिवसापर्यंत रात्री जागून मोबाइलवर जुनी पानं चाळली होती.

मुशैरीच्या तळावर 10 एप्रिलला तात्यांचा जबाब घेतला. जबाबात बडेजाव नाही, रडगाणं नाही. जे केलं ते धन्याच्या हुकमानं. काल्पी घेईपर्यंत नानासाहेबांच्या आणि नंतर रावसाहेबांच्या. लढाईबाहेर इंग्रज पुरुष, बाई किंवा मूल यांच्या हत्येत माझा किंवा नानांचा हात नाही. चाकराचा जबाब आहे हा, मला तर एखाद्या प्रामाणिक कारकुनानं लिहिलेल्या टिपणासारखा वाटला. 15 एप्रिलला कोर्ट मार्शल बसलं आणि एका दिवसात उठलं. आरोप एकच, सरकारविरुद्ध बंड आणि युद्ध. खुनाचा आरोप लावलाच नाही.

आणि 18 एप्रिलला संध्याकाळच्या सुमारास याच माळावर फौजेचा चौकोन उभा केला. आजूबाजूच्या उंचवट्यांवर माणसं बघायला जमली होती. तात्या स्वतः पायऱ्या चढले आणि फासात मान स्वतःच दिली, अशी त्या वेळची वार्तापत्रं सांगतात. आपल्यापायी घरच्यांना, जे तेव्हा ग्वाल्हेरात होते, त्रास होऊ नये एवढीच विनंती होती. आणि एक नोंद आहे ती वाचून मी मोबाइल उलटा ठेवला होता: सगळं झाल्यावर गोऱ्या मंडळींची प्रेताभोवती झुंबड उडाली, आठवण म्हणून केसांची बट मिळवायला.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण लोक म्हणतात की तो तात्या नव्हताच. दुसराच कोणीतरी फाशी गेला."

असं म्हणणारे आहेत, टोपे घराण्यातही होते. तात्या निसटले, संन्यासी होऊन फिरले, किंवा आधीच लढाईत पडले, निरनिराळी मतं. मला ते पटत नाही. जबाबातले गावांचे आणि मुक्कामांचे तपशील पाहिले की हा माणूस ते सगळं स्वतः चाललेला आहे हे कळतं. पण लोकांना असं का वाटावं हे समजतं. इतका हुलकावण्या देणारा माणूस झोपेत पकडला जावा, हे मनाला सोसत नाही.

मला जास्त चटका लावणारी गोष्ट दुसरी. सत्तावन्नचा इतिहास लिहिणारा मॅलेसन हा इंग्रज अधिकारी, तात्यांबद्दल त्याला फार प्रेम नव्हतं. तोही लिहून गेला की ही शिक्षा न्याय्य होती का, हे पुढच्या पिढ्या विचारतील. कारण तात्या जन्मले तेव्हा त्यांचा धनी पश्चिम हिंदुस्थानातल्या मोठ्या मुलखाचा स्वतंत्र राजा होता. इंग्रजांची चाकरी त्यांनी कधी घेतली नव्हती, मग हरामखोरी कसली? 1814 आणि 1818, फक्त चार वर्षांचं अंतर. आमचं येवलं पेशव्यांच्या राज्यात असताना जन्मलेला माणूस.

माळी आमच्यापाशी येऊन वाफ्याला पाणी देऊ लागला तेव्हा दादानं विचारलं, "फाँसी कहाँ दी थी, ठीक-ठीक?" त्यानं नळीनंच पुतळ्याकडे बोट केल्यासारखं केलं, पाण्याचा फवारा तिकडच्या गवतावर पडला. "यहीं कहीं," तो म्हणाला. "गुलाब इधर अच्छे आते हैं."

मग छत्र्या बघायला गेलो, त्या बघितल्याशिवाय शिवपुरी झाली असं कोणी म्हणत नाही. माधवराव शिंदे 1925 मध्ये पॅरिसला वारले, त्यांची छत्री आणि त्यांच्या आई सख्याराजे यांची छत्री, मधे पाण्याचं कुंड, दोघी समोरासमोर. पांढरा संगमरवर, त्यात रंगीत दगडांची वेलबुट्टी. काम अप्रतिम आहे, यात वाद नाही. 1858च्या जूनमध्ये जे आग्र्याला गेले ते जयाजीराव, माधवराव त्यांचेच चिरंजीव. सिप्रीला उन्हाळी राजधानी त्यांनीच केलं आणि शिवपुरी हे नावही त्यांच्याच काळात आलं. एकाच गावात हा संगमरवर आणि ते गुलाबाचे वाफे. दादानं चपला काढून नमस्कार केला. मीही केला. का केला ते मला विचारू नका, आत्याच्या घरी चार दिवस जेवत होते.

परतीची बस नीट होती. रात्री साडेनऊला घरी.

जेवण झाल्यावर आत्या स्वयंपाकघरात होती आणि दादा वर गेला होता. अप्पांनी मला हाक मारली. विचारलं, "काय काय पाहिलंस?" मी सांगितलं. सराफ्यातल्या झाडाचंही सांगितलं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी काही विचारलं नव्हतं. सोनारकाकांचं वाक्य सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत.

"आमचे खापरपणजोबा पागेत कारकून होते," अप्पा म्हणाले. "सहा महिन्यांचा पगार थकला होता. बंडवाल्यांनी वाटला तेव्हा त्यांनीही घेतला. थकबाकी पण आणि वरचं बक्षीस पण."

मी काही बोलले नाही.

"इंग्रज परत आले, महाराज परत आले. सगळे कारकून परत हजर झाले. कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर अर्ध्या लष्कराला झाडं पुरली नसती." त्यांनी पानाच्या डब्याचं झाकण लावलं. "देणारा एकटा लटकला. घेणारे आम्ही सगळे घरी. त्या पैशातून हा चौक फरसबंद केला, असं आजी सांगायची. दादाला हे माहीत नाही. तूही आता सांगू नकोस. लिहायचं असेल तर लिही, तो वाचत नाही."

(दादा, वाचत असशील तर अप्पांवर रागावू नकोस.)

चौकातल्या फरशा मी इतके दिवस अनवाणी तुडवत होते. तांबूस दगड, पावसाळ्यात निसरडे होत असणार. तुळशीपाशी एक फरशी फुटलेली आहे, तिथं सिमेंट भरलंय.

दिवस पाचवा: गजक आणि स्टेशन

गाडी संध्याकाळची होती. सकाळ आत्याच्या बांधाबांधीत गेली. गजकाचे, म्हणजे तीळगुळाच्या मिठाईचे, चार डबे, बेडई (डाळ भरलेल्या पुऱ्या) मी नको म्हणत असताना, आणि कुड्या. त्याच कुड्या. "तुलाच द्यायच्या होत्या, म्हणून तर मळसूत्र करून आणायला सांगितलं," ती म्हणाली. मी तिला आणलेली पैठणी तिनं तीनदा उलगडून पाहिली, पदराला हात लावून मोर मोजले आणि म्हणाली, "आता ही नेसून जाऊ कुठे?" मग तीच नेसून स्टेशनवर यायला निघाली.

अप्पांनीही यायचं ठरवलं. गुडघे ठीक होते. बाड्यावर कसली तरी मिरवणूक होती, म्हणून दादानं गाडी सराफ्याकडून घातली आणि आम्ही तिथं अडकलो, समोर हातगाडी, मागे दोन स्कूटर. बरोबर झाडाच्या अलीकडे. दादा हॉर्न वाजवत होता. आत्या पदर सावरत "काच वर कर, धूळ येते" म्हणत होती.

अप्पांनी काच खाली केली. हात बाहेर काढून शेजारच्या फुलवाल्याकडून एक हार घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "जा," म्हणाले, "जागा झाली की आम्ही पुढे होऊ, तू चालत ये."

मी उतरले. पुतळ्याच्या गळ्यात त्या दिवशीचाच वाळका हार होता. तो पोऱ्या दुकानासमोर सुपात धूळ गोळा करत होता, त्यानं मला स्टूल आणून दिलं.